गाणं स्वस्त, टी-शर्ट महाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

'बँड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी उभा राहतो तो लाल डगले घालून वरातीपुढे चालणारा बँड. आज मी ज्या बँडबद्दल बोलणार आहे तो निराळा. चार-पाच तरुण गिटार, ड्रम घेऊन एकत्र येतात, स्वतःची गाणी स्वतः रचतात, बसवतात आणि गावोगाव फिरून गातात. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना बँड म्हणतात. बीटल्स, रोलिंग स्टोन्स ही नावं इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. अशा बँडच्या कार्यक्रमाला गेलं की सभागृहाच्या दाराशी एक टेबल दिसतं. त्यावर बँडच्या नावाचे टी-शर्ट, टोप्या, पिशव्या, पोस्टर मांडलेले असतात. टी-शर्ट साधा सुती, बहुधा काळा. छातीवर एखादं चित्र आणि पाठीवर दौऱ्यातल्या गावांची तारखांसह यादी. किंमत विचारावी तर लंडनमध्ये तीस पौंडांच्या आसपास आणि अमेरिकेत चाळीस-पंचेचाळीस डॉलर. टेलर स्विफ्ट ही काही बँड नव्हे, एकटी गायिका. पण तिच्या २०२३-२४ च्या दौऱ्यात असा टी-शर्ट ४५ डॉलरला आणि हुडी ७५ डॉलरला होती. तो माल घ्यायला माणसं कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून स्टेडियमबाहेर रांगा लावत होती.

आता गंमत पाहा. महिन्याला दहा-बारा डॉलर भरले की याच गायकांची, आणि जगातल्या जवळजवळ सगळ्याच गायकांची, सगळी गाणी फोनवर हवी तितकी ऐकता येतात. म्हणजे गाणं स्वस्त आणि गाणाऱ्याच्या नावाचं कापड महाग. हा उलटा बाजार झाला कसा?

तुम्ही म्हणाल, हे शौकिनांचे चोचले आहेत, आपल्याला काय त्याचं! पण हा प्रश्न कापडाचा नाही. गाणाऱ्या माणसाचं पोट कशावर चालतं आणि त्याच्या ताटात किती जणांचे हात असतात, याचा आहे. त्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे.

सप्टेंबर १८५० मध्ये जेनी लिंड ही स्वीडनची गायिका न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरली. तिला आणलं होतं पी. टी. बार्नम या गृहस्थाने. अजब वस्तू आणि अजब माणसं दाखवून पैसा करणारा हा माणूस जाहिरातबाजीतला वस्ताद होता. लिंडचं गाणं अमेरिकेत फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा शोधच अजून लागायचा होता. पण बार्नमने आधीपासून वर्तमानपत्रांतून असा डांगोरा पिटला होता, की बंदरावर हजारोंची गर्दी लोटली. पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं त्याने लिलावात काढली. पहिलं तिकीट जॉन जेनिन नावाच्या एका टोपीविक्याने २२५ डॉलरला घेतलं. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पण त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं आणि त्याच्या दुकानात टोप्यांना गिऱ्हाईक लोटलं. मग काय विचारता! जेनी लिंडच्या नावाचे हातमोजे, शाली, टोप्या, खुर्च्या बाजारात आल्या. लिंडला बार्नमकडून प्रत्येक कार्यक्रमाचे एक हजार डॉलर मिळायचे होते, ते मिळाले. त्यातला मोठा हिस्सा तिने दानधर्माला दिला. पण तिच्या नावावर विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर तिचा कायद्याने काहीही हक्क नव्हता. नाव तिचं आणि गल्ला दुसऱ्याचा. या धंद्याची सुरुवात अशी झाली.

नाव ही मालमत्ता असते हे कायद्याला उमगायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. १९५३ साली अमेरिकेत च्युइंगगम विकणाऱ्या दोन कंपन्यांमध्ये बेसबॉलपटूंच्या छायाचित्रांवरून तंटा झाला. न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निकालात म्हटलं, की माणसाच्या छायाचित्राला प्रसिद्धीमुळे जे मोल येतं त्यावर त्या माणसाचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला दुसऱ्याला विकताही येतो. निकाल खेळाडूंबद्दल होता, पण दार सगळ्याच प्रसिद्ध माणसांसाठी उघडलं. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, एल्विस प्रेस्ली या तरुण गायकाच्या मॅनेजरने, टॉम पार्करने, हॉलिवूडच्या एका व्यापाऱ्याशी करार केला. एल्विसच्या नावाची लिपस्टिक आली, जोडे आले, बांगड्या आल्या. हा पार्कर इतका पोचलेला, की एल्विसचा तिरस्कार करणाऱ्यांसाठी 'मला एल्विस आवडत नाही' अशा अर्थाचे बिल्लेही त्यानेच विकले असं सांगतात. आवडो की न आवडो, पैसा एकाच तिजोरीत!

यानंतरची हकिकत बीटल्सची. या धंद्यातल्या प्रत्येकाला ती पाठ असते.

लिव्हरपूलच्या या चार पोरांचे मॅनेजर होते ब्रायन एपस्टाइन. घरच्या दुकानात रेकॉर्ड विकणारा हा सभ्य, तरुण माणूस. १९६३ साली इंग्लंडमध्ये बीटल्सचं वेड पसरलं आणि त्यांचं नाव आपल्या मालावर लावण्याची परवानगी मागणाऱ्यांची रीघ लागली. एपस्टाइनना वैताग आला. त्यांनी ते काम आपल्या वकिलावर सोपवलं. वकिलाने निकी बर्न या माणसाला गाठलं. बर्नने कंपनी काढली. तिच्या अमेरिकेतल्या शाखेचं नाव होतं 'सेल्टाएब', म्हणजे बीटल्स हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की जे होतं ते. करारात कोणाला किती टक्के ही जागा रिकामी होती. बर्नने तिथे बीटल्सच्या बाजूला दहा टक्के लिहिले. पुढे घासाघीस होईल, आकडा वाढवून मागतील, असा त्याचा अंदाज होता. पण कोणी काही मागितलंच नाही. बर्न आणि त्याच्या भागीदारांना नव्वद टक्के, बीटल्सच्या कंपनीला दहा टक्के, असा करार झाला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला उतरले. ९ तारखेला एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात ते गायले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं. बीटल्सच्या केसांसारखे टोप, बाहुल्या, टी-शर्ट, जेवणाचे डबे, सगळ्याला उधाण आलं. अमेरिकेतली मुलं वर्षभरात बीटल्सच्या मालावर पाच कोटी डॉलर खर्च करतील, असा अंदाज 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने वर्तवला. बर्नने नंतर सांगितलेली हकिकत अशी : त्याने एपस्टाइनच्या हातात ९,७०० डॉलरचा पहिला धनादेश ठेवला. एपस्टाइन खूश झाले. यातले तुम्हाला किती द्यायचे, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, हे तुमचे दहा टक्केच आहेत, असं बर्नने सांगितलं, तेव्हा एपस्टाइनच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो आहोत.

पुढे करार बदलला, बीटल्सचा वाटा निम्म्याच्या जवळ आला. पण तोवर भांडण कोर्टात गेलं होतं. परवाना नेमका कोणाचा खरा, असा गोंधळ उडाल्यावर अमेरिकेतल्या मोठ्या दुकानदारांनी ऑर्डरी रद्द केल्या. तडजोड व्हायला १९६७ साल उजाडलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एपस्टाइन वारले. बीटल्सच्या हातून निसटलेली रक्कम नेमकी किती, याचे आकडे नाना प्रकारचे सांगतात. मला त्या आकड्यापेक्षा त्यातला धडा महत्त्वाचा वाटतो. जगातल्या सर्वांत लोकप्रिय गायकांना त्यांच्याच नावाचे रुपयातले दहा पैसे मिळत होते, कारण हे नाव म्हणजे पैसा आहे हे त्यांच्या बाजूच्या कोणाला वेळेवर सुचलं नाही.

पुढच्या पिढीने हा धडा नीट गिरवला. १९७० मध्ये रोलिंग स्टोन्सनी जॉन पॅश या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याकडून बोधचिन्ह काढून घेतलं. जाड लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ. मिक जॅगरने त्याला नमुना म्हणून आपल्या काली मातेचं चित्र दाखवलं होतं. चित्रकाराला मिळाले ५० पौंड, नंतर आणखी २०० पौंड. त्या जिभेने पुढे किती टी-शर्ट खपवले याची गणती नाही. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतलं, ९२,५०० डॉलरना. त्याच सुमारास, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोचे कार्यक्रम आयोजक बिल ग्रॅहम यांच्या कंपनीने दौऱ्याबरोबर टी-शर्टचं दुकानही गावोगाव नेण्याची रीतसर व्यवस्था बसवली. तोंडाला रंग फासून गाणाऱ्या 'किस' या बँडने तर ताळतंत्रच सोडलं. १९७७ साली त्यांच्यावर कॉमिक्सचं पुस्तक निघालं. त्याच्या लाल शाईत त्यांनी स्वतःच्या रक्ताचे थेंब मिसळले आणि त्याची जाहिरात केली. पुढे २००१ मध्ये त्यांनी आपल्या नावाची शवपेटीसुद्धा विक्रीला काढली.

सगळेच त्या वाटेने गेले असं नाही. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि टी-शर्ट विकलाच नाही. आम्ही गाणारे आहोत, कपड्याचे व्यापारी नाही, अशी त्यांची भूमिका. तेव्हा कोणी तरी बाजारात टी-शर्ट आणला, त्यावर छापलं होतं : 'हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे'. तो खपला! बँडने विकला नाही म्हणून मागणी थांबत नाही. पैसा फक्त तिसऱ्याच्या खिशात जातो.

नक्कल करणाऱ्यांचा हा धंदा मूळ धंद्याइतकाच जुना आहे. मुंबईच्या पदपथांवर कधीही मुंबईत पाऊल न टाकलेल्या बँडचे टी-शर्ट टांगलेले आपण पाहतोच. ते स्वस्त का? कापड फार हलकं असतं म्हणून नव्हे. त्यात नावाचं मोल भरलेलं नसतं म्हणून. कायद्यानेही याबाबत सगळीकडे सारखी मदत केली नाही. १९७७ मध्ये 'आबा' या स्वीडिश गटाने आपल्या चित्रांचे टी-शर्ट आणि उशा विकणाऱ्या कंपनीविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात मनाई हुकूम मागितला, तो नाकारला गेला. त्याच देशात रिहाना या गायिकेने आपलं छायाचित्र टी-शर्टवर छापणाऱ्या दुकानाविरुद्ध २०१३ मध्ये दावा जिंकला आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. आपल्याकडे दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांचं गाणं वाजवणाऱ्या बाहुल्यांची विक्री दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवली. नावाला मोल आहे हे आता जवळपास सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न आहे तो वाटणीचा.

आता टी-शर्ट एवढा महाग का होत गेला, ते पाहू. १९९९ पर्यंत बँडचं गणित वेगळं होतं. दौरा तोट्यात गेला तरी चालायचं, कारण दौरा म्हणजे रेकॉर्डची जाहिरात. खरी कमाई रेकॉर्ड आणि सीडीची. त्या वर्षी 'नॅपस्टर' आलं आणि पोरं गाणी संगणकावर फुकटात वाटून घेऊ लागली. अमेरिकेतला ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा पुढच्या पंधरा वर्षांत घसरत घसरत निम्म्याहून खाली आला. तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांची नजर गायकाच्या बाकीच्या मिळकतीकडे वळली. २००२ मध्ये रॉबी विल्यम्स या गायकाशी ईएमआय कंपनीने केलेल्या गाजलेल्या करारात दौरे आणि मालाच्या विक्रीतही कंपनीचा वाटा आला. पुढे असे करार सर्रास होऊ लागले. २००७ मध्ये युनिव्हर्सल या कंपनीने बँडचे टी-शर्ट बनवून विकणारी 'ब्रावाडो' ही अख्खी संस्थाच, तिच्या मूळ कंपनीसकट, विकत घेतली.

नंतर वर्गणी भरून गाणी ऐकण्याची सोय आली आणि कंपन्यांचे दिवस पालटले. पण तो पैसा ज्याची गाणी कोट्यवधी वेळा ऐकली जातात त्याच्याकडे वाहतो. 'स्पॉटिफाय'ने तर २०२४ पासून असा नियम केला, की वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच द्यायचं नाही. मधल्या आणि लहान बँडना उरला तो दौरा आणि दौऱ्यातलं ते दाराजवळचं टेबल.

दौऱ्यातून तरी काय उरतं? २४ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे क्लाइड लॉरेन्स या तरुण गायकाने साक्ष दिली. त्याच्या बँडमध्ये आठ जण. त्याने उदाहरण घेतलं तीस डॉलरच्या तिकिटाचं. त्यावर शुल्क चढून ऐकणाऱ्याला ते ४२ डॉलरला पडतं. त्यातले बँडच्या हाती येतात १२. त्यातले निम्मे प्रवास, मुक्काम, नोकरमाणसांच्या पगारात जातात. उरतात सहा डॉलर, आठ जणांत. आणि टी-शर्टच्या विक्रीतूनही सभागृहवाले वीस टक्के घेतात, असं त्याने सांगितलं.

हा सभागृहाचा वाटा ही या कथेतली सर्वांत कडू गोष्ट. टी-शर्ट बँडने छापून आणले, गाडीतून वाहून आणले, बहुतेक वेळा विकायला माणूसही त्यांचाच. तरी विक्रीतले वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त टक्के सभागृहाला. आपल्या संगीतबारीच्या तमाशात दौलतजादा असतो. रसिक खूश होऊन नोट पुढे करतो ती नाचणारीसाठी, पण त्यात थिएटरमालकाचा वाटा ठरलेला असतो. मी ज्या वातावरणात वाढलो तिथे कव्वालीची मैफल रंगली की ऐकणारा उठतो आणि अदबीने कव्वालापुढे नजराणा ठेवतो. मला तर हे टी-शर्ट घेणं त्याच जातीचं वाटतं. ऐकणारा कापड विकत घेत नसतो. गाणं आवडलं हे सांगत असतो आणि गाणाऱ्याला काही देऊ पाहत असतो. म्हणूनच मधल्या हातांचा हिशेब बोचतो.

तो हिशेब एकदा मांडूनच पाहू. आकडे नमुन्यादाखल घेतो. समजा, लंडनला पाच जणांच्या एका बँडने तीस पौंडांचा टी-शर्ट विकला. इंग्लंडमध्ये वीस टक्के मूल्यवर्धित कर किमतीतच धरलेला असतो, त्याचे पाच पौंड सरकारात गेले. राहिले पंचवीस. सभागृहाने पंचवीस टक्के घेतले, म्हणजे सव्वासहा. राहिले पावणेएकोणीस. टी-शर्ट आणि छपाईचे सहा पौंड धरा. राहिले पावणेतेरा. वाहतूक, विकणाऱ्याची मजुरी, कार्डाने पैसे घेण्याचा खर्च मिळून तीन पौंड. राहिले पावणेदहा. मॅनेजरचे वीस टक्के वजा केले की सुमारे पावणेआठ पौंड. पाच जणांत वाटले तर प्रत्येकाला दीड पौंडाच्या थोडं वर. तीस पौंडांच्या वस्तूतले दीड पौंड!

यात जोखीम धरलेलीच नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी जाळी बनवावी लागते. तो खर्च शंभर नगांवर पडला तर नग महाग, दहा हजारांवर पडला तर स्वस्त. म्हणजे ज्याला पैशाची चणचण त्यालाच माल महाग पडतो. शिवाय लहान, मध्यम, मोठा, खूप मोठा असे सगळे आकार ठेवावे लागतात आणि हवा तो आकार नेमका संपलेला असतो. पाठीवर तारखा छापलेल्या असल्याने दौरा आटोपला की उरलेला माल कालच्या वर्तमानपत्रासारखा शिळा. विकल्या गेलेल्या टी-शर्टच्या किमतीत न विकल्या गेलेल्याचा खर्चही बसवावा लागतो.

सभागृहवाल्यांचीही बाजू आहे. ती ऐकून न घेता निवाडा करणं बरं नव्हे. ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांची संघटना 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' हिच्या म्हणण्याप्रमाणे २०२३ या एका वर्षात अशी १२५ ठिकाणं बंद पडली किंवा तिथलं गाणं थांबलं. जी चालली त्यांचा नफा सरासरी अर्धा टक्का. म्हणजे खरोखर लहान सभागृह आणि लहान बँड हे दोघेही एकाच फाटक्या सतरंजीवर बसलेले आहेत. तरीही २०२२ पासून तिथल्या कलावंतांच्या संघटनेने, टी-शर्टच्या विक्रीत वाटा न मागणाऱ्या सभागृहांची यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तिच्यात नावं भरत गेली ती लहान सभागृहांचीच जास्त. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'लाइव्ह नेशन' या बलाढ्य कंपनीने आपल्या लहान क्लबांपुरता हा वाटा सोडल्याचं जाहीर केलं. त्यावर स्वतंत्र सभागृहवाले म्हणाले, तुम्हाला परवडतं, आम्ही काय करावं?

इथपर्यंत सारी चर्चा गाणारा, मॅनेजर, कंपनी आणि सभागृह यांच्यात झाली. पण टी-शर्टाच्या गोष्टीत आणखी काही माणसं आहेत. हिशेबात ती 'टी-शर्ट आणि छपाईचे सहा पौंड' या एका ओळीत दडलेली असतात.

जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या 'गार्डियन' दैनिकाने एक बातमी छापली. 'स्पाइस गर्ल्स' या प्रसिद्ध गायिकांच्या नावाने धर्मादाय कामासाठी एक टी-शर्ट विकायला काढला होता. किंमत १९ पौंड ४० पेन्स. त्यातले ११ पौंड ६० पेन्स स्त्रियांना समान न्याय मिळावा या कामासाठी जाणार होते. तो टी-शर्ट शिवला गेला बांगलादेशात आणि शिवणाऱ्या बायकांना तासाला मिळत होते ३५ पेन्स. हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं गायिकांनी आणि धर्मादाय संस्थेनेही सांगितलं. मला त्यात खोटं काही वाटत नाही. या धंद्याची घडणच अशी आहे, की वरच्याला खालचा दिसत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. त्या इमारतीत बँडचे टी-शर्ट शिवले जात होते असा माझा दावा नाही. पण स्वस्त टी-शर्ट जगाच्या ज्या कोपऱ्यात तयार होतो, तो कोपरा हा आहे.

त्याहून खाली उतरलं की शेतकरी. लंडनच्या टी-शर्टात विदर्भाचा कापूस असेलच असं नाही, पण अंदाज यावा म्हणून आपल्याच हमीभावाने मोजू. एका टी-शर्टाला लागते सुमारे सव्वादोनशे ग्रॅम रुई, म्हणजे सरकीसकट साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास कापूस. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,१२१ रुपये. म्हणजे एका टी-शर्टाचा कापूस साधारण ४६ रुपयांचा. आणि लंडनचे ते तीस पौंड म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. नांगरणी, बियाणं, फवारणी, वेचणी, सगळं त्या ४६ रुपयांत आलं.

तेव्हा बँडचा टी-शर्ट महाग का, याचं उत्तर आता देता येईल. कापूस महाग नाही, शिलाई महाग नाही, छपाईही फार महाग नाही. त्या किमतीत भरलेलं असतं नावाचं मोल, कर, जागेचा वाटा, न खपलेल्या मालाची जोखीम, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाण्याची ती किंमत, जी गाणं ऐकताना आपण आता मोजत नाही. गाण्यातून न मिळालेला पैसा कापडातून वसूल करण्याची ही खटपट आहे.

ऐकणाऱ्यांना हे कळत नाही असं समजू नका. २०२० साली करोनाने जगभरचे कार्यक्रम बंद पाडले, दाराजवळची टेबलं उठली. तेव्हा 'बँडकँप' या इंटरनेटवरच्या दुकानाने २० मार्च रोजी एक दिवस आपली दलाली सोडायचं ठरवलं. एरवी गाण्यांच्या विक्रीवर पंधरा आणि वस्तूंवर दहा टक्के ते घेत. लोकांनी त्या दिवशी धडाधड खरेदी केली. मग मे महिन्यापासून महिन्यातला पहिला शुक्रवार असा ठेवण्याचा परिपाठ पडला. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं, तेही दौऱ्याचे टी-शर्ट मागवत होते. मधला हात बाजूला झाला आणि पैसा गाणाऱ्याला पोचणार असं कळलं, की लोक खिशात हात घालतात. हे कव्वालीच्या मैफलीत जितकं खरं, तितकंच इंटरनेटवर.

आपल्याकडेही आता परदेशी बँड येतात, आपले तरुणही बँड काढतात, आणि दाराशी तशी टेबलं दिसू लागली आहेत. तिथे उभं राहून कोणी म्हणेल, एवढ्याशा कापडाला एवढे पैसे? त्याचं चूक नाही, कापड तेवढ्याचं नाहीच. पण विचारायचंच असेल तर आणखी दोन प्रश्न विचारावेत. यातलं गाणाऱ्याला किती पोचतं? आणि ज्या बाईने हे शिवलं, तिला किती मिळालं? पहिला प्रश्न विचारायला पाश्चात्त्य कलावंतांनी बीटल्सपासून सुरुवात केली आणि साठ वर्षांत थोडंफार पदरात पाडून घेतलं. दुसरा प्रश्न त्या टेबलाशी अजून फारसा कोणी विचारत नाही. तो विचारला जाऊ लागेल तेव्हा टी-शर्ट कदाचित आणखी चार पैशांनी महाग होईल. ते चार पैसे द्यायला मला तरी जड वाटणार नाही.